खडा, ठसा आणि नोंद

वेल्समध्ये कार्लियन नावाचं एक गाव आहे. रोमन सैन्याच्या दुसऱ्या ऑगस्टा लीजनचा तळ तिथे होता आणि तळावर सैनिकांसाठी प्रशस्त स्नानगृह होतं. पुरातत्त्वज्ञांनी त्या स्नानगृहाचं सांडपाण्याचं गटार उपसलं तेव्हा गाळातून 88 कोरीव खडे निघाले. सगळे अंगठीतले. खडा कोंदणात राळेसारख्या चिकट पदार्थाने बसवलेला असायचा. गरम पाण्याने आणि वाफेने तो पदार्थ मऊ पडायचा, खडा निसटायचा आणि पाण्याबरोबर गटारात जायचा. वर्षानुवर्षं हे चालू होतं. 2017 मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ, कार्लाइलच्या क्रिकेट क्लबच्या मैदानाखाली असंच एक रोमन स्नानगृह सापडलं आणि त्याच्याही गटारातून तिसेक खडे वर आले.

हा खडा हरवणं म्हणजे नुसता दागिना हरवणं नव्हतं. त्या काळी पत्रावर, मृत्युपत्रावर, धान्याच्या कोठारावर, तेला-दारूच्या रांजणाच्या तोंडावर मेण किंवा ओली माती लावायची आणि त्यावर अंगठी दाबायची. ठसा उमटला की तो माणूस स्वतः हजर असल्यासारखं. अथेन्सच्या सोलोनने केलेला एक कायदा सांगितला जातो: अंगठी विकल्यावर तिचा ठसा कारागिराने स्वतःजवळ ठेवायचा नाही. ठसा राहिला तर नक्कल होईल आणि नक्कल झाली तर व्यवहार बुडेल, ही भीती अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस आधी स्फिंक्सची मुद्रा वापरायचा, मग अलेक्झांडरच्या चेहऱ्याची आणि शेवटी डायोस्कुरिडीस नावाच्या कारागिराने कोरलेल्या स्वतःच्या चेहऱ्याची. पुढचे सम्राटही तीच मुद्रा वापरत राहिले, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो.

खड्यावरचं काम दोन तऱ्हांचं. चित्र खड्यात खोल कोरलं तर ते इंटाग्लिओ, म्हणजे शिक्क्याचं काम. भोवतालचा दगड काढून चित्र वर उठवलं तर तो कॅमिओ, म्हणजे शोभेचं काम. संग्रहालयांत लोक थबकतात ते कॅमिओंपुढे. व्हिएन्नातला ‘गेमा ऑगस्टिया’ किंवा पॅरिसमधला 31 सेंटिमीटर उंचीचा, पाच थरांचा ‘ग्रेट कॅमिओ’ पाहून छाती दडपते, हे खरंच. पण मला स्वतःला इंटाग्लिओ अधिक मोलाचे वाटतात. कॅमिओ पाहण्यासाठी घडवलेला असतो, इंटाग्लिओ रोजच्या कामासाठी. त्यावर बोटांची झीज असते आणि कितीतरी खड्यांच्या मालकांचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

आता हे कोरायचे कसे? कार्नेलियन, अकीक, सार्ड हे सगळे गारगोटीच्याच कुळातले दगड. कठीणपणाच्या मोजपट्टीवर त्यांचा क्रमांक 7 च्या आसपास. लोखंडाची टोच त्यांच्यावर ओरखडाही उठवत नाही. त्यामुळे हत्यार दगड कापत नसे. दगड कापायची ती कुरुंदाची पूड, जिचा क्रमांक 9. ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटावरची कुरुंदमिश्रित दगडाची पूड तेलात कालवून मऊ धातूच्या टोकाला लावायची आणि ते टोक सामत्यासारखं धनुकलीच्या दोरीने गरगर फिरवायचं. टोक गोल असेल तर खळगा पडतो, चकतीचं असेल तर रेघ पडते. माणसाचा गाल, घोड्याची मांडी, कणसाचा दाणा हे सगळं या खळग्यांतून आणि रेघांतून उभं करायचं. रोमन लेखक प्लिनी हिऱ्याच्या कपच्यांचाही उल्लेख करतो. कोरणाऱ्यांना त्या फार हव्याशा असत आणि लोखंडात बसवून ते त्या वापरत.

यातली खरी कसोटी वेगळीच आहे. काम चालू असताना दगडावर पूड आणि तेलाचा चिखल साचलेला असतो, चित्र दिसतच नाही. कोरणारा बोटांच्या आणि कानांच्या भरवशावर कोरतो. मधूनच खडा पुसायचा, मऊ मेणावर किंवा मातीवर दाबायचा, ठसा पाहायचा, पुन्हा कोरायला घ्यायचं. सगळा विचार उलटा करायचा असतो. डावं ते उजवं, आणि ठशात सर्वांत उंच हवं ते दगडात सर्वांत खोल. नाक गालापेक्षा खोल, ओठ हनुवटीपेक्षा खोल. एक रेघ जास्त खोल गेली तर ती भरून काढायला काही उपाय नाही. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावात हे काम अजून चालतं. टोक फिरवायला वीज आली, कुरुंदाच्या जागी हिऱ्याची पूड आली. बाकी रीत ओळखीची आहे.

ग्रीसमध्ये 2015 मध्ये पायलॉस इथे शॅरन स्टॉकर आणि जॅक डेव्हिस या सिनसिनाटी विद्यापीठाच्या जोडीला एका योद्ध्याची न लुटलेली कबर सापडली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्यात चुनखडीचं पुट चढलेली एक वस्तू होती, पाहणाऱ्यांना तो साधा मणी वाटला. साफ करायला वर्ष उलटून गेलं. पुट उतरल्यावर आत 3.6 सेंटिमीटर लांबीचा अकीक निघाला. त्यावर तीन माणसं आहेत. एक मरून पडलाय. दुसरा मोठ्या ढालीआडून भाला रोखतोय. तिसरा त्याच्या अंगावर झेप घेऊन ढालीवरून मानेत तलवार खुपसतोय. झेपेच्या ताणाने त्याच्या दंडाचे आणि पोटऱ्यांचे स्नायू तटतटलेत. तलवारीच्या मुठीवरची आणि वस्त्रावरची नक्षी काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरची आहे, ती सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसते. माणसाच्या शरीराची इतकी जाण ग्रीक कलेत आणखी हजार वर्षांनी येते, असं अभ्यासक मानत होते. एका खड्याने तो हिशेब मोडला. आणि तो मोडता आला, कारण खडा कबरीत, माणसाच्या हाडांशेजारी, त्याच्या शस्त्रांसह जागेवर सापडला. हाच अकीक एखाद्या दुकानात मखमलीवर ठेवलेला मिळाला असता, तर अर्ध्या जगाने त्याला एकोणिसाव्या शतकातली नक्कल ठरवलं असतं.

हे दगड यायचे कुठून, याचं एक उत्तर आपल्या पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या कातळात, लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, चाल्सेडनी जमत गेले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवहीत, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून ओनिक्स जातीचा दगड भरपूर प्रमाणात गाड्यांत घालून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला येतो, अशी नोंद आहे. पैठणनंतर दहा दिवस पूर्वेला तगर, म्हणजे आजचं तेर. गुजरातेत राजपीपळ्याजवळच्या रतनपूरचा कार्नेलियनही प्रसिद्ध. भारतात सामान्य माणसं सार्डोनिक्स हा पट्टेदार दगड भोक पाडून गळ्यात घालतात, त्यामुळे भोक असलेला दगड भारतीय समजावा, असं प्लिनी लिहितो. मेणावर दाबल्यावर मेण धरून न ठेवणारा दगड म्हणूनही तो सार्डोनिक्सची स्तुती करतो. सातवाहनांच्या पैठणच्या बाजारात तोललेला एखादा दगड पुढे रोममध्ये कोरला गेला असेल, हे पूर्ण संभवतं. नेमका कोणता, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

अंगठ्यांचा संग्रह करणंही जुनंच. रोममध्ये पहिला संग्रह सेनानी सुलाच्या सावत्र मुलाचा, स्कॉरसचा. पुढे पाँपीने मिथ्रिडेटीस राजाकडून मिळवलेला संग्रह कॅपिटॉलमध्ये वाहिला. सीझरने व्हीनस जेनेट्रिक्सच्या देवळात सहा संग्रह अर्पण केले. मध्ययुगात या खड्यांवरच्या देवतांची ओळख पुसली गेली, दगड मात्र चर्चच्या क्रूसांवर आणि पेटाऱ्यांवर जाऊन बसले. कलोनच्या ‘तीन राजां’च्या पेटाऱ्यावर आजही शेकडो प्राचीन खडे जडवलेले आहेत. मग फ्लॉरेन्सचा लोरेन्झो दि मेदिची. आपल्या संग्रहातल्या खड्यांवर त्याने स्वतःच्या नावाची अक्षरं कोरून घेतली. प्राचीन कलाकृतीवर असं नाव कोरणं आज आपल्याला खटकतं, पण त्या अक्षरांमुळेच एकेक खडा त्याच्याकडे होता हे आपण खात्रीने सांगू शकतो. 1492 च्या यादीत त्याच्या सार्डोनिक्सच्या एका वाडग्याची, आता नेपल्समध्ये असलेल्या ‘फार्नेझे कपा’ची, किंमत 10,000 फ्लोरिन लावलेली आहे.

अठराव्या शतकात या छंदाला उधाण आलं आणि बनावटीलाही. बॅरन फॉन श्टोशने 1724 मध्ये सही असलेल्या 70 खड्यांचं पुस्तक काढलं. खड्यावर कारागिराची सही असली की भाव वाढतो हे बाजाराला कळलं आणि जुन्या खड्यांवर नव्या सह्या पडू लागल्या. सगळ्यात मोठं प्रकरण पोलंडच्या शेवटच्या राजाच्या पुतण्याचं, राजपुत्र स्टानिस्वाव पोनियातोव्स्कीचं. त्याच्याकडे सुमारे 2,500 खडे होते, होमर आणि व्हर्जिलच्या प्रसंगांचे, बड्या ग्रीक कारागिरांच्या सह्यांचे. 1833 मध्ये तो वारला, 1839 मध्ये लंडनला लिलाव झाला आणि तोवर हे खडे त्याच्याच काळातल्या रोममधल्या कारागिरांनी कोरलेले आहेत, असा बभ्रा झाला होता. भाव कोसळले. मला त्या कारागिरांविषयी हळहळ वाटते. काम अव्वल होतं, आज संग्राहक ते त्यांचं काम म्हणून आवडीने घेतात. पण दुसऱ्याचं नाव कोरल्यामुळे त्यांचं स्वतःचं नाव शंभर-दीडशे वर्षं झाकलं गेलं.

याच काळात एका स्कॉटिश माणसाने फार मोठं काम करून ठेवलं. जेम्स टासी. तो युरोपभरच्या संग्रहांतल्या खड्यांचे ठसे घेऊन काचेत ओतायचा. रशियाच्या कॅथरीन राणीने त्याच्याकडून पूर्ण संच मागवला. 1791 मध्ये रास्पे नावाच्या अभ्यासकाने त्यांची छापलेली यादी काढली, तीत 15,800 नोंदी आहेत. सोलोन ज्या ठशाला भीत होता, तोच ठसा इथे पुरावा झाला. मूळ खडा विकला जावो, चोरीला जावो, ठशावरून तो ओळखता येतो. इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या चौथ्या ड्यूकचा संग्रह 1875 मध्ये 35,000 गिनींना एकगठ्ठा विकला गेला आणि 1899 मध्ये लिलावात पांगला. अभ्यासक जॉन बोर्डमन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तो कागदावर पुन्हा जुळवला, तेव्हा जुने ठसेच कामी आले. त्या संग्रहातला एक, काळ्या चाल्सेडनीवर कोरलेला सम्राट हेड्रियनचा प्रियकर अँटिनोअस, 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरवर गेला.

नोंद नसली की काय होतं, ते ब्रिटिश म्युझियमने दाखवलं. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी जाहीर केलं की कोठारातल्या सुमारे 2,000 वस्तू गहाळ झाल्यात, चोरीला गेल्यात किंवा मोडल्यात. त्यांत मोठा वाटा खड्यांचा, बरेचसे चार्ल्स टाउनलीच्या जुन्या संग्रहातले. पिढ्यान्‌पिढ्या ते खणांत पडून होते, कित्येकांना कुणी क्रमांक दिला नव्हता, त्यांचा फोटो काढला नव्हता. डेन्मार्कचे व्यापारी इत्ताय ग्राडेल यांनी 2021 मध्येच इशारा दिला होता. ऑनलाइन किरकोळ भावात विकल्या गेलेल्या कॅमिओचा एक तुकडा त्यांनी संग्रहालयाच्याच संकेतस्थळावर ओळखला होता. तेव्हा त्यांना सगळं जागेवर असल्याचं सांगण्यात आलं. इशारा देणाऱ्याचं न ऐकणं ही या प्रकरणातली मला सर्वांत न पटणारी गोष्ट आहे. शेकडो वस्तू नंतर परत मिळाल्या, पण नोंदच नसलेला खडा आपला आहे हे सिद्ध करताना संग्रहालयाचीही दमछाक होते. मुठीत मावणारी वस्तू सीमेपार नेणं सोपं. 2003 मध्ये बगदादच्या संग्रहालयातून हजारो दंडगोल मुद्रा अशाच गेल्या.

साधा रोमन कार्नेलियन आजही काहीशे पौंडांत मिळतो. घेणाऱ्याने आधी विचारायचं ते वयाबद्दल नव्हे. हा खडा आजवर कुणाकुणाकडे होता आणि 1970 च्या युनेस्को कराराआधी तो मूळ देशाबाहेर पडल्याचा कागद आहे का, हे विचारायचं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. दख्खनमधल्या जुन्या घराण्यांत फारसी किंवा मोडी अक्षरांच्या शिक्क्याच्या अंगठ्या निघतात. तुमच्याकडे असेल तर सराफाकडे झळाळी द्यायला नेऊ नका, झिजलेल्या कडा हीच तिची जन्मखूण आहे. मुलांच्या खेळण्यातली माती घ्या, हलक्या हाताने अंगठी दाबा, उजेड तिरका ठेवून ठशाचा आणि खड्याचा फोटो काढा. कुणाची, कुठून आली, घरात काय सांगतात, ते तारखेसह एका कागदावर लिहा आणि तो कागद अंगठीच्या डबीतच ठेवा.