तंजावरचे सुखोई आणि क्षितिजाआडची विनाशिका

मराठी माणसाला तंजावर म्हटले की सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो. हिंदी महासागरावर नजर ठेवणाऱ्यांना आठवतो तो तिथला हवाई तळ. १२ जानेवारी २०२० रोजी ‘नानचांग’ ही ०५५ वर्गातील पहिली विनाशिका चिनी नौदलात दाखल झाली. त्यानंतर आठच दिवसांनी तंजावरला वायुदलाच्या २२२ क्रमांकाच्या ‘टायगरशार्क्स’ स्क्वाड्रनने ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहणारी सुखोई-३० विमाने घेऊन बस्तान मांडले.

‘नानचांग’ १८० मीटर लांब, वजनाने बारा हजार टनांच्या वर. डेकखाली क्षेपणास्त्रांच्या ११२ उभ्या नळ्या. रडार गरगर फिरत नाही. चार बाजूंना चार पॅनेल पक्की बसवलेली असतात आणि त्यांतली लहर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळते. म्हणजे पाठ कुठेच नाही.

पण पृथ्वी गोल आहे, आणि रडारलहरी जवळजवळ सरळच जातात. समजा रडार पाण्यापासून २५ मीटर उंच आहे आणि क्षेपणास्त्र लाटांवरून दहा मीटर उंचीने येते आहे. गणित मांडले तर ते दिसते साधारण ३४ किलोमीटरवर आल्यावर. ब्रह्मोस सेकंदाला जवळपास एक किलोमीटर कापते. ओळखा, नेम धरा, प्रतिक्षेपणास्त्र सोडा: सगळ्याला मिळून जेमतेम ३५-४० सेकंद! जहाजावरचे हेलिकॉप्टर आधीच उंचावर असेल, तरच ही मुदत वाढते.

अडीच टनांचे ब्रह्मोसचे धूड सुखोईच्या पोटाखाली एकच मावते. त्यासाठीचे बदल नाशिकजवळ ओझरला एचएएलने केले. सुटल्यावर ते आधी नुसते खाली पडते, विमानापासून दूर गेल्यावर बूस्टर पेटतो, आणि वेग आला की रॅमजेट सूत्रे हाती घेते. रॅमजेटला हवा दाबणारी पाती नसतात. वेगाने आत घुसणारी हवाच आपोआप दाबली जाते. म्हणून आधी धक्का हवाच.

कौतुक होते ते या वेगाचे. माझ्या मते खरी मेख पत्त्यात आहे. विनाशिका ३० नॉटने, म्हणजे तासाला ५५ किलोमीटरने पळते. तासाभरापूर्वीची खबर हाती असेल, तर विनाशिका जिथे असू शकते ते वर्तुळ साडेनऊ हजार चौरस किलोमीटरचे होते, विभाजनापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याएवढे. त्यामुळे तंजावरच्या सुखोईंइतकेच महत्त्व तमिळनाडूतच, अरक्कोणमला असलेल्या नौदलाच्या पी-८आय टेहळणी विमानांना आहे. तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालून ताजी खबर आणायचे काम त्यांचे.