फ्रीजमधला भरताचा वास

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो आणि उरलेलं भरीत फ्रीजमध्ये जातं, बरेचदा नुसत्या ताटलीखाली. सकाळपर्यंत लसूण-मिरचीचा वास दुधात उतरलेला असतो. लसणातली गंधकाची संयुगं सहज हवेत मिसळतात आणि दूध-लोण्यातला स्निग्धांश ती धरून ठेवतो. म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबाच वापरावा. प्लास्टिकमध्ये वास मुरतो.

सफाईआधी प्लग काढा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून आतली बाजू आणि कप्पे पुसा. दाराच्या रबराच्या घड्या आणि मागच्या भिंतीतलं पाणी वाहून जाण्याचं भोक अजिबात विसरू नका. सगळं पुसूनही वास येत राहिला, तर आधी तिथेच बघा. रबरावरच्या बुरशीला पाणी घातलेलं व्हिनेगर लावा, पण सोड्यात मिसळून नको. फेस छान दिसतो, मात्र दोन्हींचा गुण एकमेकांत संपतो. बर्फ साचला असेल तर सुरीने खरवडू नका, गॅसची नळी फुटते.

शेवटी कोरडं पुसून वाटीभर सोडा उघडा ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बदला. लिंबाची फोड वास झाकते, घालवत नाही, आणि दोन-चार दिवसांत तीच खराब होते.

फ्रीज पुन्हा भरताना केळी मात्र बाहेरच बरी. साधारण १३ अंशांखाली त्यांची साल काळवंडते, शिवाय पिकताना सुटणाऱ्या इथिलीनमुळे शेजारची मेथी-कोथिंबीर पिवळी पडते.