एका ख्रिस्ती शिक्षकाचें घर

घरांतील एखाद्या माणसानें वडिलांची वाट सोडून निराळी वाट धरली, म्हणजे घरावर काय प्रसंग ओढवतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोणी परजातींत विवाह करतो, कोणी देवपूजा सोडतो, कोणी दुसऱ्या धर्माची दीक्षा घेतो. वडील मंडळी ओसरीवर बसून हळू आवाजांत बोलूं लागतात, स्वयंपाकघरांत डोळे पुसले जातात, आणि शेजाऱ्यांस काय सांगावें या चिंतेंत मूळ प्रश्न बाजूसच राहतो. त्या माणसास काय दिसलें, आणि तें आपल्यास दिसत नसलें तरी त्याच्याशीं आपलें नातें कसें राखावें, हा तो मूळ प्रश्न होय. त्याचा विचार करूं लागलों कीं आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या संसाराची आठवण होते. कवि म्हणून टिळक सर्वांस परिचित आहेत. ‘फुलामुलांचे कवि’ या नांवानें ते शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोंचले. आज आम्ही त्यांच्याकडे शिक्षक या नात्यानें पाहणार आहों.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन कुटुंबांत झाला. आई लहानपणींच निवर्तली आणि वडिलांशीं पटेना, तेव्हां हा मुलगा नाशिकास आला व गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेचा लाभ त्यास फार दिवस झाला नाहीं. जें ज्ञान मिळालें तें गुरूच्या कृपेनें आणि स्वतःच्या वाचनानें. म्हणूनच कीं काय, शिकविणें हा त्यांस केवळ उपजीविकेचा धंदा कधींच वाटला नाहीं. तें फेडावयाचें ऋण आहे असें समजूनच ते वागले. मात्र एका गांवीं वा एका नोकरींत फार काळ टिकणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें, आणि या स्वभावाची किंमत त्यांच्या पत्नीस मोजावी लागली.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवीं जात असतां आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशाशीं त्यांचें बोलणें झालें. काव्यावरून गोष्ट निघाली ती धर्मापर्यंत आली. निरोप घेतांना त्या गृहस्थानें ‘नव्या करारा’ची एक प्रत त्यांच्या हातीं दिली. टिळकांनीं ती वाचावयास घेतली आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनाशीं येऊन ते थांबले. शत्रूवरहि प्रेम करावें, ही शिकवण त्यांच्या मनांत खोल उतरली. पुढें दोन वर्षें वाचन, पत्रव्यवहार आणि मनाची ओढाताण यांत गेलीं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. बाटला म्हणजे कांहींतरी लोभानें बाटला असावा, असें म्हणण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. टिळकांच्या बाबतींत ती लागू पडत नाहीं. त्यांस या धर्मांतरानें मिळालें त्याहून गमवावें लागलें तेंच अधिक. आप्त सुटले, जात सुटली, आणि कांहीं वर्षें बायकोमुलासहि ते अंतरले.

येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणें बोलणें प्राप्त आहे. ज्या गृहस्थानें जगास शिकविण्याचें व्रत घेतलें, त्यानें आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठा निर्णय घेतांना स्वतःच्या पत्नीची संमति मिळविली नाहीं. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून संसार नाहींसा झाला, आणि पदरीं लहान मूल. श्रद्धा ही प्रत्येकाची स्वतंत्र असते हें खरें. पण तिचा भार घरच्या माणसांच्या डोक्यावर न सांगतां टाकण्याचा अधिकार कोणास आहे? टिळकांच्या चरित्रांतील हा दोष त्यांच्या थोरपणाआड दडवूं नये असें आमचें मत आहे. दडविण्याचें कारणहि नाहीं. खुद्द लक्ष्मीबाईंनींच तो पुढें ‘स्मृतिचित्रां’त उघडपणें, आणि बव्हंशीं हंसतमुखानें, सांगून टाकला आहे.

लक्ष्मीबाई कोणत्या घरांतून आल्या होत्या हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या पुढील वागण्याचें मोल कळतें. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची ही कन्या. वडिलांचें सोंवळें इतकें कडक, कीं बाजारांतून आलेलें धान्यच काय, मीठसाखरदेखील धुतल्यावांचून घरांत घ्यावयाची नाहीं! अशा घरीं वाढलेली ही बाई कांहीं वर्षांच्या वियोगानंतर ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परत आली, ती आपला धर्म आणि आपलें सोंवळें बरोबर घेऊनच. एका छपराखालीं पति ख्रिस्ती आणि पत्नी ब्राह्मणी आचाराची, असा संसार सुरू झाला. टिळकांनीं आतां मात्र शिक्षकास शोभेल असा धीर धरला. स्वभाव तापट खरा, पण धर्माच्या बाबतींत त्यांनीं तिच्यावर जुलूम केला नाहीं. तिचें तिनें पहावें, तिचें तिनें ठरवावें, अशी मोकळीक तिला दिली. लक्ष्मीबाईंच्या मनांतून प्रथम जातिभेद गळाला. मनुष्यामनुष्यांतील हा विटाळ देवानें केलेला नसून माणसानेंच मांडलेला आहे असें त्यांस स्वतःच्या विचारानें पटलें. त्यानंतर १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागून गेल्या असें कोणी म्हणेल. आमच्या मतें त्या स्वतःच्या पायांनीं चालत गेल्या.

अहमदनगर येथें टिळक धर्मोपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयांत शिकवीत असत. तेथील मराठी ख्रिस्ती मंडळी उपासनेस बसली म्हणजे बव्हंशीं परक्या चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें गात. टिळकांस हें खुपे. ज्या भाषेंत आई मुलास निजविते त्याच भाषेच्या वळणानें देवास हांक मारावी, हा त्यांचा आग्रह. त्यांनीं शेंकडों पदें व अभंग रचले, टाळमृदंगाचें भजन आणि आपल्या ओळखीचें कीर्तन यांस ख्रिस्ती उपासनेंत स्थान मिळवून दिलें. आपण ख्रिस्ताकडे पोंचलों ते तुकोबांच्या पुलावरून, असें ते मानीत. धर्म बदलला म्हणून मातृभाषा, संतांचें ऋण आणि देशाविषयींचें प्रेम टाकून द्यावें लागतें, ही समजूत त्यांनीं खोटी पाडली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी अंगाचें संपादन त्यांच्याकडे आलें, तेंहि त्यांनीं याच दृष्टीनें चालविलें.

त्यांची शाळा वर्गाच्या चार भिंतींत संपत नसे. छप्पनचा दुष्काळ म्हणून जो ओळखला जातो, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगरकडे अन्नान्न दशा झाली. निराधार मुलें त्यांच्या घरीं आलीं आणि लक्ष्मीबाईंनीं त्यांचें केलें. पैशाची चणचण असतांना पतिराज पाहुणे घेऊन येत आणि घरचें धान्य दुसऱ्यास देऊन टाकीत. त्याचा निभाव पत्नीनें लावावा, असा शिरस्ता होता. पुढें ‘बालकवि’ म्हणून गाजलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हेहि या घरीं राहिले. ठोंबरे हिंदु राहिले, टिळक ख्रिस्ती. पण त्या घरीं त्यांस आईबापांची माया मिळाली. दोघांमध्यें कविता हा समान धर्म होता. १९१८ सालीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं बालकवींचा अंत झाला तेव्हां टिळक हयात होते.

अखेरीस मिशनच्या पगाराचें बंधनहि टिळकांस नकोसें झालें. १९१७ सालीं तें सोडून त्यांनीं संन्यस्त वृत्ति धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यांत बंधुभावानें एकत्र यावेत अशी ही कल्पना होती. पंथाच्या पुस्तकांत नांव असणें आणि अंतःकरणांत भक्ति असणें या दोन गोष्टी एकच नव्हेत, हें त्यांनीं आपल्या माणसांसहि निर्भयपणें सांगितलें. तो प्रयोग वाढीस लागण्यापूर्वींच ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

शिक्षकाची परीक्षा त्याच्या शिष्यावरून करावी. टिळकांचें सर्वांत मोठें शिष्य कोण, असें विचारल्यास आम्ही लक्ष्मीबाईंचें नांव घेऊं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईस अक्षरओळख पतीनेंच करून दिली. त्याच हातांनीं पुढें ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला आणि मराठी गद्यांतील अपूर्व ग्रंथांत त्याची गणना होऊं लागली. टिळकांनीं आरंभून सोडलेल्या ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक अध्यायहि त्यांनींच रचले. १९३६ सालीं त्या वारल्या. ज्या पतीनें न सांगतां घर मोडलें, त्याचेंच अपुरें काम तिनें आपखुषीनें उचललें, यांत क्षमा आहे, आणि शिकलेल्या विद्येची परतफेडहि आहे.

या कथेवरून वाचकांनीं धर्मांतराचें समर्थन वा निषेध काढावा असा आमचा हेतु नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच. ज्यास निराळी वाट धरावयाची असेल त्यानें ती चोरून धरूं नये; घरच्यांस आधीं सांगावें, त्यांचे अश्रु सोसावे आणि त्यांस विचार करण्यास वेळ द्यावा. आणि ज्यांच्या घरांतून असा कोणी गेला असेल त्यांनीं दार लावून घेऊं नये. लक्ष्मीबाई परत गेल्या तेव्हां पतीचा धर्म त्यांस मान्य नव्हता, त्याच्या हातचें पाणीहि चालत नव्हतें. तरी त्या गेल्या. चूल निराळी मांडली, पण घर एक ठेवलें. मतें पुढें जुळलीं. न जुळतीं तरी तें घर उभें राहिलें असतें, असा आमचा विश्वास आहे.