माणूस एक, नावं तीन

माझं गाव वढू बुद्रुक. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं. जवळच, हवेली तालुक्यात, वढू खुर्द आहे. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि इथलेच झाले. गावं दोन, नाव एक, म्हणून ही सोय.

माझी अडचण उलटी. माणूस एक, नावं तीन. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’, सातबाऱ्यावर ‘शेक’, रेशनकार्डावर आडनावच नाही. वडील गेले आणि त्यांच्या शेताची वारसनोंद यावरच अडली. कचेरीत विचारलं, ‘हे तिघं कोण?’ म्हटलं, ‘साहेब, तिघंही मीच.’ तरी प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

गणितात एम.एस्सी. करणारी माझी भाची हे ऐकून हसली. ‘‘मामू, आमच्याकडे अशाच प्रश्नावर संगणकाचं एक अवजार आहे.’’ मी साधा बी.ए.; पण तिनं सांगितलं ते मला कळलं, म्हणून तुम्हाला सांगतो.

कागदावर काही ठिपके काढा, त्यांतले काही रेषांनी जोडा. गणितात याला आलेख म्हणतात. ठिपके म्हणजे गावं, रेषा म्हणजे रस्ते समजा. एकानं वढूला पहिला क्रमांक दिला आणि कोरेगाव भीमाला दुसरा. दुसऱ्यानं नेमकं उलट. आकडे जुळत नाहीत, रस्ते मात्र तेच. मग दोन्ही कागद एकाच मुलखाचे, हे ओळखायचं कसं? क्रमांक बदलून बदलून पाहावं म्हटलं, तर नुसत्या १६ ठिपक्यांना क्रमांक देण्याच्या रीती सुमारे २१ लाख कोटी!

ऑस्ट्रेलियातले गणिती ब्रेंडन मॅके यांनी यासाठी ‘नॉटी’ ही आज्ञावली लिहिली. तिच्यातलं एक अवजार ‘लेबल-जी’. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. पडद्यावर अवजाराचं नाव टंकायचं, पुढे फाइलचं नाव, की एंटर. फाइलच्या प्रत्येक ओळीत एक आलेख, सांकेतिक अक्षरांत. अवजार आधी पाहतं, कोणत्या ठिपक्याला किती रेषा. त्यावरून गट पाडतं. मग कोणाचे शेजारी कोणत्या गटातले, हे पाहून गट आणखी फोडतं. अडलं की एका ठिपक्याला वेगळं काढून पुन्हा तेच. अशा वाटा अनेक निघतात. एकसारख्या वाटा ते गाळतं आणि उरलेल्यांतून ठरल्या नियमानं एकच क्रम निवडतं. ते त्या आलेखाचं प्रमाण नाव.

भाचीनं उदाहरण मराठी माणसाचंच घेतलं. मुंबई विद्यापीठातले गणिती शरदचंद्र श्रीखंडे (१९१७-२०२०). त्यांच्या नावाच्या आलेखात १६ ठिपके, प्रत्येकाला ६ शेजारी. बुद्धिबळाच्या पटावर चार बाय चार घरं घेऊन हत्तीच्या चालीनं जोडली, तरी १६ आणि ६च. कोणत्याही दोघांचे समाईक शेजारी मोजा, दोन्हीकडे दोनच. फरक आहे तो शेजाऱ्यांच्या आपसातल्या नात्यात. हत्तीच्या आलेखात कोणत्याही घराचे सहा शेजारी तीन-तीनच्या दोन टोळ्यांत वाटलेले. श्रीखंड्यांच्या आलेखात तेच सहा जण हात धरून रिंगण करतात.

तिनं फाइलमध्ये तीन ओळी घातल्या. श्रीखंड्यांचा आलेख दोनदा, क्रमांक उलटेपालटे करून, आणि तिसरा हत्तीचा. एंटर दाबताच पहिल्या दोन ओळी अक्षरन्‌अक्षर सारख्या आल्या, तिसरी वेगळी. अट एवढीच, की तिन्ही ओळी एकाच अवजारातून, एकाच रीतीनं काढायच्या. रीत बदलली तर नावही बदलू शकतं.

तेव्हा मला वडिलांचं जुनं खरेदीखत आठवलं. त्यातही आडनाव चुकलेलंच. पण चतुःसीमा लिहिलेल्या होत्या. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, ओढा कुठल्या अंगाला. चारी बांध जागच्या जागी. ते खत मी प्रतिज्ञापत्राला जोडलं.

वारसनोंद झाली. आडनाव काय आलंय, ते उतारा हाती पडल्यावर पाहीन.