जांभळाचा मकरंद आणि सातेरी मधमाशीची संकलनपद्धती

प्रस्तावना :
सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील मधपाळांच्या दृष्टीने जांभूळ हा महत्त्वाचा वृक्ष आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. अशा गावांमध्ये पेट्यांची संख्या वाढविण्यावर भर दिला जातो. तथापि मधाच्या उत्पादनाची खरी मर्यादा वृक्ष ठरवितात. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

मकरंदाची निर्मिती :
पानांत प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेली शर्करा अन्नवाहक ऊतींद्वारे फुलातील मकरंदग्रंथींपर्यंत पोहोचते व तेथून स्रवते. जांभळाच्या पाकळ्या टोपीसारख्या लवकर गळून पडतात. पुंकेसरांच्या झुबक्याखालील उथळ पेल्यात साठलेला मकरंद त्यामुळे आखूड जिभेच्या कीटकांनाही सहज मिळतो. हवा दमट असल्यास तो पातळ होतो, तर कोरड्या हवेत घट्ट होतो. जमिनीतील ओलावा व तापमान यांचाही स्रवणावर परिणाम होतो. म्हणूनच बहर भरपूर असूनही मकरंद अल्प असू शकतो.

मधमाश्यांची संकलनपद्धती :
मधमाशी फुलांची संख्या नव्हे, तर उड्डाणाच्या श्रमाच्या तुलनेत मिळणारी शर्करा पाहते. लाभदायक झाड सापडल्यास कामकरी माशी पोळ्यावर नृत्य करून त्याची दिशा व अंतर इतर माश्यांना कळविते. या नृत्यभाषेचा उलगडा कार्ल फॉन फ्रिश यांनी केला. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मकरंद जितका सकस, तितके नृत्य अधिक वेळा होते. एका फेरीत माशी बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. त्यामुळे जांभळाचे परागीभवनही साधते. पोळ्यात आणलेल्या मकरंदातील सुक्रोजचे विकराच्या साहाय्याने विघटन होते आणि पंखांच्या वाऱ्याने पाणी उडून मध पक्व होतो.

समारोप :
सातेरी माशीचा वावर सामान्यतः पेटीभोवतीच्या थोड्याच परिसरात असतो. त्या टापूत केवळ जांभूळ असणे पुरेसे नाही. जांभूळ, गेळा, हिरडा अशी भिन्न काळी फुलणारी झाडे असल्यासच वसाहतीला दीर्घकाळ अन्न मिळते. अन्न तुटल्यास सातेरीची वसाहत पेटी सोडून निघून जाते. सरपणासाठी तोडलेल्या जांभळाची उणीव नवी पेटी भरून काढू शकत नाही. यास्तव पेटीवाटपापूर्वी परिसरातील मकरंदवृक्षांची गणना व संवर्धन होणे अगत्याचे आहे.