प्लेटा धुता, पण खाली वाकून बघता का?

सोलर बसवलं की पहिले दोन-तीन महिने घरचे रोज गच्चीवर जाऊन प्लेटा पुसतात. पुढं वर्षभर गच्चीचं दारही उघडत नाहीत. सोलापुरात मी सोलरच्या वायरिंगची आणि सर्व्हिसिंगची कामं करतो. बहुतेक घरी एकच वाक्य ऐकायला मिळतं : ‘बसवणारा म्हणाला होता, मामा, २५ वर्षं बघायला नको.’ ही २५ वर्षांची हमी प्लेटच्या वीज देण्याच्या ताकदीची. तेवढ्या काळानंतरही प्लेट मूळच्या साधारण ८० टक्के वीज देईल, इतकंच त्यात कबूल केलेलं असतं. वायर, कनेक्टर, नटबोल्ट, अर्थिंग यांचं त्यात काही नाही, आणि मला बोलावणं येतं ते बहुतेक याच चौघांपायी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि साध्या घरांच्या स्लॅबवरही प्लेटा दिसायला लागल्या. या योजनेतून बसवलं असेल तर पहिली पाच वर्षं देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्याचीच. करारात ते असतं, पण करार कपाटात आणि बसवणारा फोन उचलत नाही. लेखी तक्रार टाका, गप्प बसू नका.

धुण्याचं आधी उरकतो. आमच्याकडची धूळ कोरडी, मऊ फडक्यानं निघते. उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या आसपासच्या गावांत चिमणीतली काजळी गच्चीवर पडते आणि पहाटेच्या दवानं काचेला धरून बसते. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून लोक बोअरचं मारतात. ते वाळलं की क्षाराचे पांढरे डाग पडतात, आणि ते एकदा मुरले की घासून निघत नाहीत. बोअरचंच वापरायचं तर लगेच वायपरनं ओढून काढा. वेळ सकाळी लवकरची. दुपारी प्लेट ६०-६५ अंशांवर तापलेली असते, तिच्यावर गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते. तारेची घासणी आणि कपड्यांची पावडर नकोच. आणि प्लेटवर पाय देऊन पलीकडं जायचं नाही. काच फुटली नाही तरी आतल्या सेलला केसासारख्या चिरा जातात.

पाऊस प्लेट धुतो हे खरं, पण पूर्ण नाही. वाहून आलेला गाळ खालच्या फ्रेमच्या काठाला अडतो आणि बोटभर रुंदीची मातकट पट्टी तयार होते. बाकी काच लख्ख, म्हणून तिकडं कुणी बघत नाही. प्लेटमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळं खालची एक रांग झाकली तरी वीज सगळ्याच प्लेटची तुंबते. ओल्या फडक्यानं तेवढी कड पुसा, बाकी काच राहिली तरी चालेल.

खरं दुखणं प्लेटांच्या खाली. जुळे सोलापुरातल्या एका काकूंनी मला ‘युनिट पडत नाहीत’ म्हणून बोलावलं. काच आरशासारखी, त्या दर रविवारी स्वतः पुसतात. मी गुडघ्यावर बसून खाली डोकावलो. कबुतराचं घरटं, त्याच्या काड्यांत लोंबलेली वायर, आणि विष्ठेत पडलेला एक काळा कनेक्टर. पाणी शिरून तो आतून जळत आला होता, एका बाजूचं प्लास्टिक वितळून पसरलं होतं. शेजारच्या वायरीचं कव्हर खारीनं कुरतडलेलं. काकू म्हणाल्या, ‘अगंबाई, मी तर वरूनच बघत होते.’ सहा प्लेटा एका माळेत जोडल्या की अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी तयार होतो. त्याची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी पटकन विझत नाही, आणि इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन असेपर्यंत प्लेटेकडून येणारी वायर जिवंतच असते. म्हणून बघायचं तुम्ही, हात लावायचा जाणकारानं. चारी बाजूंनी जाळी बसवून घ्या आणि लोंबणाऱ्या वायरी उन्हात टिकणाऱ्या टायनं फ्रेमला बांधून घ्या.

बघायचं म्हणजे आकडेही. बिलावर दिसतं ते ग्रिडला दिलेलं आणि ग्रिडकडून घेतलेलं. दिवसा एसी चालला तर दिलेले युनिट कमीच दिसणार. एकूण किती तयार झाले ते इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपवर कळतं. स्वच्छ उन्हात तीन किलोवॅटला दिवसाला १२ युनिटांच्या आसपास पडावेत. मे महिन्यात आकडा थोडा उतरला तर घाबरू नका. प्लेटची ताकद २५ अंशांना मोजलेली असते, त्यावर दर अंशामागं साधारण टक्क्याचा तिसरा हिस्सा कमी होतो. ढग नसताना एखाद्या आठवड्यात एकदम तिसरा हिस्सा गेला, तर मात्र फोन करा. लाईट गेल्यावर सोलर बंद पडतं हा बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्याला तुमच्या घरची वीज लागू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते.

वळवाच्या आधी, एप्रिलअखेर, एवढं करून घ्या : प्लेट धरून ठेवणारे क्लॅम्प आवळायचे, कारण वादळ प्लेटेच्या खालून शिरतं. डीसीच्या बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरची हिरवी खूण लाल झाली असेल तर तो बदलायचा. आणि जुन्या पद्धतीचे मीठ-कोळशाचे अर्थिंगचे खड्डे असतील तर त्यांत बादलीभर पाणी ओतायचं. उन्हाळ्यात ते कोरडेठाक पडतात, आणि विजा कडाडायला सुरुवात होते ती नेमकी तेव्हाच.