स्नेह आणि सौदा

मित्राशी व्यवहार करू नये, असे घरोघरी सांगण्यात येते. उपदेश सोपा खरा. परंतु सातारा-सांगलीच्या मुलुखात तो पाळावयाचा कसा? तेथे पेढीवरचा आडत्या शाळासोबती असतो आणि समोरचा खरेदीदार व्याही निघतो. शिवाय परका मनुष्य अधिक सचोटीचा असतो, असेही नाही.

१९१० सालचे एक उदाहरण घ्यावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यावर बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे स्नेही. त्यांनी कुंडल रोड स्थानकानजीकची ओसाड जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. तेथेच किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर वाडी सांगली जिल्ह्यात.

किर्लोस्करांचे नांगर पुढे गावोगाव गेले, म्हणून या स्नेहाचे कौतुक होते. पण परिणाम क्षणभर बाजूस ठेवावा. दिलेली वस्तू जर संस्थानची, तर या सौद्यात दोघे मित्रच नव्हेत, रयतही पक्षकार ठरते. आणि मैत्रीखातर तिसऱ्याचे देण्याचा अधिकार कोणासच नाही. मग पाहावयाचे ते एवढेच की, स्नेह वगळूनही देण्याचे कारण उरते काय? उजाड माळावर कारखाना उभा राहणे, हे कारण रयतेस उघडपणे सांगण्याजोगे होते. शिवाय ती रक्कम देणगी नव्हती, कर्ज होते. ही गोष्ट लहान नव्हे.

सांगलीच्या हळदपेठेतील आडत्याचा पेच याहून बिकट. शेतमालाच्या पेठांत पूर्वी रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत होती; मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्यास काही कळत नसे. नियंत्रित बाजाराच्या कायद्यांनी उघड लिलावाचा पायंडा पाडला. रुमाल गेला, संकोच मात्र गेला नाही. बालमित्र हळूच म्हणतो, 'यंदा अडचण आहे, क्विंटलमागे शंभर रुपये सांभाळून घे.' ते शंभर रुपये शेतकऱ्याचे आहेत. मित्रास साह्य करावयाचे, तर आडत्याने ते स्वतःच्या मिळकतीतून करावे.

१८७२ च्या करार कायद्याच्या २१५ व्या कलमान्वये, मुखत्याराने धन्यास न विचारता त्याच्याशी स्वतःच सौदा केला आणि महत्त्वाची गोष्ट लपविली, किंवा सौदा धन्यास अहितकारक ठरला, तर धन्यास तो नाकारता येतो. मित्राच्या भिडेविषयी हे कलम काही बोलत नाही; तेथे आडत्याची स्वतःची बुद्धीच कामास येते.

खरी कसोटी पुढेच आहे. आपला हात आखडला आहे, हे मित्राने विश्वासाने सांगितलेले असते आणि तोच आता उधारीवर माल मागतो. त्याचे गुपित शेतकऱ्यापुढे फोडणे हा विश्वासघात. गप्प राहून माल देणे हा शेतकऱ्याचा घात. अशा वेळी आडत्याने मित्रास एकांती गाठून, 'तुझी गोष्ट माझ्यापाशीच राहील, पण या मालाचे पैसे मला रोखच हवेत,' असे लिलावापूर्वीच सांगावे. मित्र रुसेल, कदाचित दुसऱ्या पेढीवर जाईल. जाऊ द्यावा.